लाजाळू : तुरट मुळाचे घरगुती उपयोग आणि एका नावाखालच्या दोन वनस्पती

रानपाऊल (धागाकर्ती)

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी कुणाला आव पडली की आजी परड्याच्या गडग्यालगतचे, म्हणजे दगडी कुंपणाजवळचे, लाजाळूचे एखादे जुने झुडूप मुळासकट उपटून आणीत असे. ते मूळ ती घासून धूत असे, तांदळाच्या धुवणात सहाणेवर उगाळीत असे आणि ती तांबूस उगाळी वाटीत घेऊन दिवसातून दोनदा पाजीत असे. विळीवर बोट कापले तर त्याच झुडपाचा पाला चेचून चिंधीने बांधला जाई. त्या उगाळीची चव मला अजून आठवते. काजूचे अर्धकच्चे बोंड चावल्यावर घसा धरतो, तशी तोंडाला मिठी बसत असे.

हा धागा काढण्याचे कारण असे की हल्ली लाजाळूविषयी जे संदेश फिरतात त्यांत ती मधुमेहापासून मुतखड्यापर्यंत सर्व काही बरे करते असे लिहिलेले असते, आणि आजीला जे पक्के ठाऊक होते ते मात्र त्यांत कुठेच नसते. आजीच्या लेखी ही वनस्पती एकाच कामाची होती : शरीरातून जे नको तेवढे वाहते आहे ते आवरणे. जुलाब, आवेतले रक्त, मूळव्याधीचे रक्त, पाळीत जास्त जाणारे अंगावरचे, जखमेतली झिरप हे तिचे क्षेत्र. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथातही लज्जालु शीत, तिक्त आणि कषाय सांगितली आहे, ती कफपित्त जिंकते असे म्हटले आहे, आणि रक्तपित्त (शरीरातून रक्त वाहण्याचा विकार), अतिसार व योनिरोग यांवर तिचा उपयोग दिला आहे. आजीने भावप्रकाश वाचलेला नव्हता, तरी तिची यादी जवळजवळ तीच होती.

या सर्वांच्या मुळाशी तुरटपणा आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. मुळात व पानांत असलेली टॅनिन ही द्रव्ये प्रथिनांना चिकटतात आणि त्यांचा साका बनवतात. जिभेवर ती लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचे वंगण जाते आणि तोंड आखडल्यासारखे वाटते. उघड्या जखमेवर किंवा सुजलेल्या आतड्याच्या अस्तरावर हेच घडते. वरचा पातळ थर घट्ट होतो, त्याखालचा स्राव कमी होतो आणि बारीक केशवाहिन्यांतून झिरपणारे रक्त थांबायला मदत होते. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात तेव्हा कामाला येतो तो गुणही हाच. हिरडा, धायटीची फुले, डाळिंबाची साल, खैराचा कात ही आपल्याकडची सगळी मंडळी याच कुळाची, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या कुळाची नव्हे, तर चवीच्या कुळाची आहेत. तुरटी हा शब्दही त्याच चवीवरून आला आहे, जरी ती खनिज असली तरी.

आपापल्या घरी लाजाळूचा कोणता भाग, कशाबरोबर आणि कोणत्या दुखण्यावर देत असत, हे कृपया गावाच्या उल्लेखासह लिहावे. ऐकीव मोठ्या याद्यांपेक्षा प्रत्यक्ष पाहिलेली एक गोष्ट अधिक मोलाची आहे.

कातळसडा

उत्तम विषय. मी राजापूरकडचा. माझी अडचण पहिल्याच पायरीवर आहे, म्हणून विचारतो. आमच्याकडे रस्त्याकडेला काटेरी, गुलाबी गोंड्यांची लाजाळू भरपूर आहे. पण काजूच्या बागेत सावलीला, पावसाळ्यात, वीतभरही उंच नसलेले दुसरेच एक रोप उगवते. सरळ एकच दांडा, त्याच्या शेंड्याला चहूबाजूंनी पाने, जणू माडाचे खेळण्यातले झाड, आणि मध्ये लहान पिवळी फुले. त्याला हात लावला की तेही पाने मिटते, फक्त जरा सावकाश. आई त्याला लाजरी म्हणते. आपण ज्या औषधाबद्दल लिहिले आहे ते यांपैकी कोणते?

रानपाऊल

कातळसडा, आपण पहिल्याच प्रतिसादात विषयाच्या गाभ्याला हात घातला. आपले पिवळ्या फुलांचे रोप म्हणजे बायोफायटम सेन्सिटिव्हम. ते आंबुटीच्या कुळातले आहे, पावसाळ्यात उगवून वर्षभरात संपते आणि मूळचे आपल्याकडचेच आहे. गुलाबी गोंड्यांची काटेरी ती मिमोसा प्युडिका. ती बाभूळ-शिकेकाईच्या गणगोतातली, जमिनीलगत पसरणारी, वर्षानुवर्षे टिकणारी, आणि तिचे मूळ कठीण व दोरीसारखे चिवट असते. माझी आजी उपटत असे ती ही दुसरी, याबद्दल मला शंका नाही, कारण काटे मलाही टोचलेले आहेत.

आता अवघड भाग. मिमोसा प्युडिका ही मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली आहे. म्हणजे ती आपल्याकडे आली असेल ती कोलंबस अमेरिकेला पोहोचल्यानंतर, १४९२ नंतरच. चरकसंहिता त्याहून हजार वर्षांपेक्षा अधिक जुनी. त्यामुळे चरकात जी समंगा येते आणि जिचा अर्थ अनेक जण सरसकट लाजाळू असा लावतात, ती आज आपल्या गडग्यालगत वाढणारी काटेरी लाजाळू असूच शकत नाही.

याचा एक फार सुंदर पुरावा केरळात आहे. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ या काळात मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ छापून घेतला, तो होर्टुस मलाबारिकुस. त्यात तोड्डावाडी या नावाने जे चित्र आहे ते काटेरी लाजाळूचे नसून आपल्या काजूच्या बागेतल्या पिवळ्या फुलांच्या रोपाचे आहे, आणि १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या रोपाला शास्त्रीय नाव देताना त्याच चित्राचा आधार घेतला. आज मात्र मल्याळीभाषक तोट्टावाडी म्हणतात ते काटेरी मिमोसाला, आणि त्या लहान रोपाला मुक्कुट्टी म्हणतात. म्हणजे परदेशातून आलेल्या झाडाने स्पर्शाने मिटण्याच्या गुणावर जुन्या झाडाचे नावच घेतले. आपल्याकडेही असेच घडले असावे असे मला वाटते. जाता जाता सांगते की या ग्रंथाच्या कामात इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोचीचे तीन कोकणी पंडित होते, आणि त्यांचे कोकणी भाषेतले, नागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. किनाऱ्यावरचे हे ज्ञान एकमेकांपासून तुटलेले नव्हते, हे ते पान पाहिले की कळते.

सहाण

मी आयुर्वेदाचा चिकित्सक आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. चरकाने समंगा दोन गणांत घेतली आहे : जखम सांधणाऱ्या द्रव्यांच्या संधानीय गणात आणि मळ बांधून ठेवणाऱ्या पुरीषसंग्रहणीय गणात. दोन्ही ठिकाणी तिच्याबरोबर लोध्र, धायटी आणि मोचरस, म्हणजे सावरीचा डिंक, ही तुरट द्रव्ये आहेत. टीकाकारांनी समंगा म्हणजे कुठे मंजिष्ठा तर कुठे लज्जालु असे अर्थ केले आहेत. रानपाऊल यांचा कालगणनेचा मुद्दा बरोबर आहे. पण तेवढ्यावरून आजची लाजाळू औषधातून बाद होत नाही. एखादे द्रव्य मिळत नसेल तर त्याच रसगुणांचे दुसरे घ्यावे, ही प्रतिनिधिद्रव्याची पद्धत आपल्या शास्त्रात मान्य आहे आणि भावप्रकाशातच तशा द्रव्यांची यादी आहे. नवे झाड आले, त्याची चव कषाय निघाली, स्पर्शाने मिटते म्हणून नाव जुळले, आणि वैद्यांनी ते अनुभवाने स्वीकारले. आज भारताच्या अधिकृत आयुर्वेदीय औषधिसंहितेतही लज्जालु म्हणजे मिमोसा प्युडिकाच आहे.

व्यवहारात ताज्या पंचांगाचा, म्हणजे मुळापासून फळापर्यंतच्या सगळ्या झुडपाचा, स्वरस १० ते २० मिलिलिटर देतात. काढा करायचा तर जाडसर कुटलेल्या द्रव्याच्या सोळा पट पाणी घालून मंद आचेवर आठवा भाग उरवावा, असा शार्ङ्गधरसंहितेचा नियम आहे. रक्ती मूळव्याधीत, अंगावरून जास्त जाण्यात आणि गुदभ्रंशात मी ती वापरलेली आहे. अंग (गर्भाशय) बाहेर येण्याच्या तक्रारीत ती सुरुवातीच्या अवस्थेतच आणि इतर उपायांच्या जोडीनेच द्यावी. पुढच्या अवस्थेत केवळ लेपावर बाईला महिनोन्महिने ताटकळत ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

सर्वांत महत्त्वाचे मात्र पुढे आहे. आमातिसारात, म्हणजे मळ चिकट, दुर्गंधी, पोट जड आणि अजून दोष बाहेर पडायचे आहेत अशा अवस्थेत, आधीच बांधणारे औषध देऊ नये, असे चरकाने अतिसाराच्या चिकित्सेत स्पष्ट बजावले आहे. अडवलेला दोष पोटफुगी, सूज आणि त्याहून वाईट विकार निर्माण करतो. लाजाळूचा गुण जितका खरा, तितकाच हा नियमही खरा, आणि फिरत्या संदेशांत पहिला असतो, दुसरा नसतो. आपली आजी उगाळी पहिल्या दिवशी देत असे की नंतर?

रानपाऊल

आपल्या प्रश्नाने मी थांबले आणि आईला फोन करून विचारले. आई म्हणाली, पहिल्या दिवशी फक्त पेज आणि सुंठ. दुसऱ्या दिवशी पोटातली कळ ओसरली आणि तरी वाहणे चालूच राहिले, तरच मूळ. हा तपशील माझ्या आठवणीतून पार गळून गेला होता. मी वर लिहिलेला पहिला परिच्छेद त्या अर्थी अपुरा होता, आणि तो तसाच वाचून कुणी पहिल्याच दिवशी मूळ उगाळू नये म्हणून येथे स्पष्ट लिहीत आहे.

पारंबी

मी ग्रामीण भागात लहान मुलांवर उपचार करते. या धाग्याचा सूर जबाबदार आहे म्हणून लिहावेसे वाटले. जुलाबात मूल दगावते ते बहुतेक वेळा पाणी आणि क्षार निघून गेल्याने. तुरट औषधाने शौचाच्या वेळा कमी झाल्या तरी गेलेले पाणी परत येत नाही. म्हणून पहिला उपाय क्षारसंजीवनीचाच (ओआरएस). पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे, अंगावरचे दूध बंद करू नये, आणि जस्ताच्या गोळ्या १० ते १४ दिवस द्याव्यात. सहा महिन्यांखालील बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यावरील मुलाला २० मिलिग्रॅम, अशी ती मात्रा आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच धर्तीचे ग्लुकोज-मिठाचे पाणी तोंडाने देऊन असंख्य जीव वाचवले. तेव्हा साधे असणे म्हणजे कमी प्रतीचे असणे नव्हे, हे आम्हीही मानतो.

डोळे खोल गेले, मूल सुस्त झाले, पिण्यास नकार देऊ लागले, लघवी थांबली, किंवा तापाबरोबर शौचात रक्त आले, तर सहाण बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. टॅनिन अन्नातले लोहही धरून ठेवतात. ज्या स्त्रीला पाळीत जास्त रक्त जाते तिला बहुधा रक्तक्षय असतो, तिला लोहाच्या गोळ्या दिलेल्या असतात, आणि तीच स्त्री घरचा तुरट काढा घेत असते. दोन्ही एकदम घेतल्यास गोळीचा बराचसा भाग वाया जातो. काढा घ्यायचाच असेल तर मध्ये निदान दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगावे. सांगितल्यावर कुणी रागावले तरी सांगावे.

ओसरी

पारंबीताईंच्या शेवटच्या ओळींवरून लिहिण्याचा धीर आला. माझ्या थोरल्या दिरांना शौचातून रक्त जात असे. मूळव्याध आहे असे त्यांनीच ठरवले आणि लाजाळूच्या पानांची पूड दुधातून घेऊ लागले. रक्त काही दिवस थांबत असे, पुन्हा सुरू होई, पुन्हा पूड. असे दीड वर्ष गेले. वजन उतरू लागले तेव्हा तपासणी झाली आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. औषधाने अपाय केला असे मी म्हणत नाही. रक्त थांबल्याने आम्हा सर्वांना जो दिलासा मिळत गेला, त्याने वेळ गेला. पन्नाशीनंतर शौचातून पहिल्यांदाच रक्त गेले तर आधी तपासणी करून घ्यावी, मग हवी ती पूड घ्यावी, एवढीच विनंती आहे.

रानपाऊल

ओसरीताई, हे लिहिणे सोपे गेले नसेल. धाग्याच्या शीर्षकाखाली आपल्या प्रतिसादाचा उल्लेख ठेवण्याची विनंती मी संपादकांना करत आहे, म्हणजे केवळ मूळव्याधीचा उपाय शोधत येणाऱ्यालाही तो दिसेल. वाहणे थांबले म्हणजे कारण गेले असे नाही, हे सहाण यांनी आमाच्या निमित्ताने सांगितले होतेच. आपल्या अनुभवात तेच अधिक जड होऊन आले आहे.

काळी माती

वर्धा जिल्ह्यातून लिहितो. आमच्याकडे लाजाळू कमी, पण सुबाभूळ भरपूर, आणि या दोन्हींत मिमोसिन नावाचे एकच विषारी अमिनो आम्ल आहे. घोड्याला सुबाभळीचा पाला सतत घातला तर आयाळ आणि शेपटीचे केस गळतात, हे जनावरे पाळणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून लाजाळूच्या पाल्याचा रस आरोग्यासाठी रोज, महिनोन्महिने पिण्याचा जो सल्ला दिला जातो तो मला पटत नाही. जुन्या माणसांनी ती दोनचार दिवसांपुरती आणि दुखण्यापुरतीच घेतली. गर्भवतीने आणि ज्याला मुळातच बद्धकोष्ठ आहे त्याने घेऊ नये, असे आमचे वडील सांगत.

तसेच रस्त्याकडेची आणि बागेच्या बांधावरची लाजाळू आणताना तिथे तणनाशक फवारले आहे का, याची खात्री करावी. ही वनस्पती तण म्हणूनच मारली जाते.

हिमरेषा

मी अमेरिकेत राहते. येथे लाजाळूच्या बियांची पूड कॅप्सूलमध्ये भरून आतड्यातले जंत आणि मळ ओढून काढणारे औषध म्हणून विकली जाते. शौचात दोरीसारखे काहीतरी पडते आणि लोक त्याला जंत समजतात. आपल्या परंपरेत असा काही उपयोग आहे का?

सहाण

बियांचा असा उपयोग माझ्या वाचनात किंवा पाहण्यात नाही. लाजाळूच्या बीला पाणी लागले की तिच्यावर बुळबुळीत चिकट थर येतो, सब्जाच्या किंवा इसबगोलाच्या बीसारखा. तो चिकटा आतड्यातून एकसंध बाहेर पडला तर दोरीसारखाच दिसणार. आवळून धरणारे तुरट मूळ आणि बुळबुळीत बी ही गुणाने एकमेकांच्या विरुद्ध द्रव्ये आहेत. एकाची कीर्ती दुसऱ्याच्या बाटलीवर चिकटवणे योग्य नाही. जंतांची शंका असेल तर शौचाची तपासणी करून घ्यावी.

उंबरठा

मूळ खणण्याबद्दल आणि काढ्याबद्दल दोन गोष्टी, ज्या मी सासूबाईंकडून शिकले. पावसाळा सरताना, गोंडे येऊन गेल्यावर, जमीन ओली असतानाच मूळ काढावे. नंतर ते तुटते आणि अर्धे मातीतच राहते. उपटताच त्याला उग्र, गंधकासारखा वास येतो. तो नेहमीचाच आहे, मूळ सडले असे समजू नये. बारीक मुळ्यांवर मण्यांसारख्या गाठी असतात, त्या खरवडून टाकाव्यात, मग तुकडे करून सावलीत वाळवावेत.

काढा लोखंडी भांड्यात कधीही करू नये. तुरट द्रव्य लोखंडाशी मिळाले की काढा काळाकुट्ट होतो. पूर्वी हिरड्याच्या पाण्यात हिराकस (लोखंडाचा एक क्षार) घालून शाई करीत असत, ती याच गुणावर. सासूबाई मातीच्या मडक्यात करीत, मी स्टीलच्या पातेल्यात करते.

एक शंका आहे. गॅलरीत कुंडीत बी लावले, तीन आठवडे झाले, काहीच उगवले नाही. काय चुकले असेल?

रानपाऊल

बीचे टरफल कठीण असते. उकळते पाणी खाली उतरवून क्षणभर थांबावे, त्यात बी टाकावे आणि रात्रभर त्याच पाण्यात राहू द्यावे. फुगलेले बी सकाळी मातीत अगदी उथळ लावावे. ऊन भरपूर हवे. मात्र औषधासाठी म्हणून लावत असाल तर पहिल्या वर्षीचे मूळ सुतळीएवढेच निघेल, ते वाढू द्यावे.

कातळसडा

काल गावी गेलो होतो. दोन्ही रोपे उपटून आईपुढे ठेवली आणि आमच्या घरी लाजरी म्हणून जखमेवर काय बांधत असत ते विचारले. तिने क्षणाचाही विचार न करता पिवळ्या फुलांच्या लहान रोपावर बोट ठेवले. गुलाबी गोंड्यांचे झुडूप तिने पायाने बाजूला सारले आणि म्हणाली, ही रस्त्यावरची, हिला आम्ही औषधात कधी घेतली नाही. म्हणजे गुहागर आणि राजापूर या दोन तालुक्यांत नाव जवळजवळ एकच आणि झाड निराळे.

रानपाऊल

हे वाचून मी फार आनंदले आहे. एक विनंती करते. ते लहान रोप मुळासकट, फुलांसह, वर्तमानपत्राच्या घडीत सपाट दाबून वाळवा. रोज कागद बदला, नाहीतर बुरशी येईल. सोबत चिठ्ठीवर गाव, तारीख, आईने सांगितलेले नाव आणि उपयोग तिच्याच शब्दांत लिहा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे आणि तेथे असे नमुने जपून ठेवलेले असतात. मी पुढच्या महिन्यात आमच्या गडग्यालगतचे झुडूप घेऊन तेथे जाणार आहे. आपला नमुना माझ्याकडे पोहोचला तर दोन्हींची ओळख एकाच वेळी पक्की करून घेता येईल.